मुलीचं रक्त कमी आहे? मग आईचा कागदही सोबत आणा

भांडुपच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची धाकटी लेक १४ महिन्यांची आहे. लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८.२ निघालं. ताईंचं स्वतःचं बाळंतपणानंतर ९.१ होतं, त्यानंतर तपासलेलं नाही. मोठा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. मुलगी ३६व्या आठवड्यात झाली, जन्माचं वजन २.३ किलो. गरोदरपणी लोहाच्या गोळ्या "जमतील तशा" घेतल्या. सातव्या महिन्यात ताई चिपळूणला माहेरी गेल्या होत्या. मुलीला आता बीट, डाळिंबाचा रस, गूळ-खजूर सगळं चालू आहे, आणि गाईचं दूध दिवसातून तीनदा बाटलीभर. सासूबाई म्हणतात, पोर गुटगुटीत आहे, डॉक्टर उगाच घाबरवतात. ताई विचारतात, "खाण्यापिण्याची ददात नाही, मग आमचं चुकलं कुठे? आणि हा धोका नेमका कुणाला जास्त असतो?"

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वीसेक वर्षं मुंबईतल्या दवाखान्यांत आणि प्रसूतिगृहांत लहान मुलं तपासण्यात गेली. अशी आई आठवड्याला किमान चार-पाच वेळा माझ्यासमोर बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, सासूबाईंचं एक म्हणणं बरोबर आहे, पोर गुटगुटीत आहे. दुधावर वजन वाढतं, पण रक्त वाढत नाही. पांढरट, मऊ, गोबऱ्या गालांची, दुधावर वाढलेली मुलं मी इतकी पाहिली आहेत की आता असं बाळ दारातून आत आलं की आधी तळहात उघडून बघते. तुमच्या मुलीचे तळहात स्वतःच्या तळहातांशेजारी ठेवून पाहा. आणि तिचे तुमच्यासारखेच दिसले, तर त्यावरून निश्चिंत होऊ नका. तुमचेही पांढरेच असतील.

चुकलं कुठे, याचं उत्तर तिच्या आजच्या ताटात शोधून सापडणार नाही. ते पावणेदोन-दोन वर्षं मागे आहे. मोठा मुलगा अकरा महिन्यांचा असताना, अंगावर पीत असताना तुम्हाला दिवस राहिले. एका गरोदरपणाला, बाळंतपणातला रक्तस्राव धरून, सुमारे १००० मिलीग्रॅम लोह लागतं. साध्या जेवणातून बाईच्या अंगी रोज जेमतेम एक-दोन मिलीग्रॅम लागतं. धडधाकट बाईचं बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तर अडीचशे मिलीग्रॅमच्या आसपास लोह त्याबरोबर जातं. आता तुम्हीच हिशोब मांडा. पहिल्या बाळंतपणाची झीज भरून निघायच्या आत दुसऱ्याचा खर्च सुरू झाला. म्हणून दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर असावं असं आम्ही सांगतो. "पाळणा लांबवा" हे पोस्टरवरचं वाक्य वाटतं, पण त्यामागे हा साधा जमाखर्च आहे.

बाळाकडे येऊ. बाळ पोटात असताना स्वतःपुरती लोहाची शिदोरी बांधून घेतं आणि त्यातला बहुतेक भाग शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ७५ मिलीग्रॅम लोह असतं. तीन किलोचं बाळ सव्वादोनशे मिलीग्रॅम घेऊन येतं आणि चार ते सहा महिने त्यावर निभावतं. तुमची लेक महिनाभर आधी आली, वजन २.३ किलो, आणि आईचंच खातं रिकामं. तिची शिदोरी मुळातच लहान होती. त्यात अशी बाळं नंतर भराभर वाढतात. वाढतं अंग म्हणजे वाढतं रक्त, म्हणजे आणखी लोह. म्हणूनच कमी दिवसांच्या किंवा अडीच किलोच्या खालच्या बाळाला सहा महिने वाट न पाहता, पहिल्या दोनेक महिन्यांतच डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाचे थेंब सुरू करतात. तुमच्या मुलीला ते मिळाले होते का? बहुतेक नसतील. माहेरी बाळंतपण, मग मुंबईला परत, नवा डॉक्टर, नवी फाइल, आणि जन्माचं वजन कुणी विचारलंच नाही, असंच होतं.

या माहेरच्या प्रथेबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. मुंबईची मुलगी सातव्या महिन्यात कोकणात, घाटावर, विदर्भात माहेरी जाते, ते चांगलंच आहे. आईच्या हातचं खायला मिळतं, झोप मिळते. पण नेमके हेच तीन महिने बाळ लोह साठवत असतं आणि नेमकं याच वेळी गोळ्यांचं साखळीकाम तुटतं. भांडुपच्या आरोग्य केंद्रात नाव घातलेलं असतं, गोळ्या तिथे मिळत असतात. गावी जाताना पंधरा दिवसांचं पाकीट बरोबर असतं. ते संपलं की "आता तिकडे गेल्यावर घेऊ" असं होतं. आई-बाळाचं कार्ड मुंबईच्या कपाटातच राहिलेलं असतं. माहेरी जाणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, बाळंतविडा नंतर भरा, आधी शंभर गोळ्या आणि कार्ड पिशवीत टाका.

सरकारी धोरण मुळात साधं आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस. तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस तीच गोळी. रक्त आधीच कमी असेल तर दिवसाला दोन. बाळंतपणानंतरचे ते सहा महिने जवळजवळ कुणी पुरे करत नाही. बाळ बाहेर आलं की आईची गोळी संपली, असंच सगळ्या घराला वाटतं. तुमचं ९.१ त्यानंतर कुणी तपासलं नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही, वाईट वाटतं.

"जमतील तशा" घेतल्या, असं तुम्ही लिहिलंत. का जमल्या नाहीत, ते बाया मला सांगतात ते असं. मळमळतं. संडासला काळी होते. खडा होतो. गोळीने बाळ काळं होतं असं शेजारीण म्हणाली. बाळ फार मोठं होईल, मग सिझर करावं लागेल, असं सासू म्हणाली. शेवटच्या दोन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत. बाळाचा रंग गोळीवर ठरत नाही. काळी शी मात्र खरी, आणि ती निरुपद्रवी आहे, न शोषलेलं लोह बाहेर पडतं इतकंच. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना घ्या, लिंबाच्या पाण्याबरोबर. तरी नाही झेपली तर जेवणाबरोबर घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण अजिबात न घेण्यापेक्षा ते कधीही बरं.

आणि एक चूक बाईची नसते, आमची असते. लोह आणि कॅल्शियम एकाच पुडक्यात देतात आणि "दोन्ही रोज एक" एवढंच सांगतात. बाई बिचारी रात्रीच्या जेवणानंतर दोन्ही एकदम गिळते. कॅल्शियम लोहाला आत जाऊच देत नाही. निदान दोन तासांचं अंतर हवं. सकाळी नाश्त्यानंतर कॅल्शियम, रात्री लोह, हा माझा नेहमीचा तोडगा. अॅसिडिटीच्या गोळीचंही तेच. एका बाईने पाच महिने नेमाने गोळ्या घेतल्या आणि हिमोग्लोबिन अर्ध्या अंकानेही हललं नाही. तिला "गोळ्या घेत नसणार" म्हणून बोल लावले गेले होते. मी तिला पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. लोह, कॅल्शियम आणि अॅसिडिटीची गोळी, तिन्ही तिने एकाच प्लास्टिकच्या डबीत घातल्या होत्या आणि रोज रात्री तिन्ही एका घोटात. डबी बदलली. महिन्याभराने हिमोग्लोबिन एका अंकाने वर आलं.

चहाचं तर काय सांगू. मुंबईत चहा हे जेवणच आहे. सकाळी चहा-चपाती, दुपारी चहा-खारी, संध्याकाळी पुन्हा चहा-बटर. चहातलं टॅनिन धान्य-भाजीतल्या लोहाला धरून ठेवतं. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा नको, एवढं पाळलं तरी फरक पडतो. पण माझा खरा जीव तुटतो तो बाळांच्या चहासाठी. ओपीडीच्या बाकावर कितीतरी वेळा पाहिलंय, आई कागदी कपातला चहा फुंकून गार करते, त्यात ग्लुकोजचं बिस्किट बुडवते आणि वर्षाच्या मुलाच्या तोंडात घालते. मूल हसत खातं, पोट भरतं, वरणभाताची भूक मरते. आई कामावर गेली की शेजारीण किंवा आजी सांभाळते तिथे तर हे दिवसातून तीनदा होतं. सांभाळणाऱ्या बाईला दोष द्यायचा नाही, मुलाला उपाशी ठेवायचं नाही म्हणूनच ती देते. पण तिला कुणीतरी सांगायला हवं.

तुमच्या घरी चहा नसेल, दूध आहे. एक लिटर गाईच्या दुधात एक मिलीग्रॅमही लोह नसतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला भारतीय आहारमानानुसार रोज ८ मिलीग्रॅम लागतं. वर दुधातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह अडवतं, आणि वर्षाच्या आत गाईचं दूध सुरू केलेल्या काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं थोडं थोडं रक्तही जातं. तीन बाटल्या म्हणजे सहाशे-सातशे मिलीलीटर. ते दिवसाला चारशे-पाचशेच्या आत आणा आणि बाटली बंद करून वाटीने द्या. पहिले चार दिवस ती रडेल. पाचव्या दिवशी वरणभात खाईल.

अंगावरचं दूध थांबवू नका. आईच्या दुधातही लोह कमीच असतं, पण जे असतं ते बाळाला फार चांगलं लागतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे योग्यच. अडचण सातव्या महिन्यापासून सुरू होते. उष्टावण थाटात होतं, चांदीच्या वाटीत खीर होते, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वरणाचं पाणी, भाताची पेज. पाण्याला डाळीचा रंग येतो, डाळ पातेल्याच्या तळाशीच राहते. चमचा आडवा केला तर घास ओघळून जाऊ नये, इतकं घट्ट हवं. सहा महिने ते दोन वर्षं या वयात रक्त सर्वांत जास्त घसरतं, त्याचं मोठं कारण हे पाणीदार जेवण.

बीट आणि डाळिंब. लाल खाल्लं की लाल रक्त होतं, ही समजूत इतकी गोड आहे की मोडवत नाही. पण शंभर ग्रॅम बीटमध्ये एक मिलीग्रॅमपेक्षा कमी लोह असतं, डाळिंबात त्याहून कमी. द्या, फळ म्हणून चांगलं आहे, औषध म्हणून त्यावर विसंबू नका. गूळ-खजूरही तसंच. तुम्ही चिपळूणच्या आहात, मग तुमच्या हाताशी यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. सुकट, जवळा कोमट पाण्यात दोनदा धुऊन मीठ काढा, कोरडं भाजा, पूड करा, आणि मुलीच्या भातात चमचाभर कालवा. आठवड्यातून एकदा कलेजी उकडून, बारीक कुस्करून दोन चमचे द्या. मासे-मटणातलं लोह शरीर सहज घेतं, आणि शेजारच्या डाळभातातलं लोहही ओढून घ्यायला मदत करतं. मांसाहार नसेल तिथे मोडाची मटकी, चवळी, चणे, माठ, लाल भोपळ्याबरोबर शिजवलेली डाळ, आणि प्रत्येक घासावर लिंबू. लिंबाचे ते चार थेंब भाजीपेक्षा कमी महत्त्वाचे नाहीत. अळीव तुमच्यासाठी, बाळंतपणानंतर लाडूत घालतात ते उगाच नव्हे. आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, धोका कुणाला जास्त.

एक आकडा पाहा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं, पुरुषांमध्ये २५ टक्के. घर तेच, चूल तीच. महाराष्ट्रात बायका ५४ टक्के, आणि सहा महिने ते पाच वर्षांची मुलं जवळजवळ ६९ टक्के. त्याआधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत हीच मुलं ५४ टक्क्यांच्या आसपास होती. ही पाहणी बोटातून घेतलेल्या थेंबावर होते. बोट दाबून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा बदलू शकतो. २०१६ ते १८ दरम्यान शिरेतून रक्त घेऊन झालेल्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या ४१ टक्के मुलांत रक्त कमी निघालं. मला विचाराल तर २०१९-२१च्या पाहणीतले देशभरातल्या मुलांचे ६७ टक्के असोत की हे ४१, भांडुपच्या एका अंगणवाडीत त्याचा अर्थ सारखाच, दर दोन-तीन मुलांमागे निदान एक. पण तुमच्या मुलीचं ८.२ बोटातून काढलं असेल, तर एकदा शिरेतून पूर्ण सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या.

बायकांमध्ये धोका लग्नाआधीच सुरू झालेला असतो. १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. पाळीत जास्त जाणं, उपास, मापं टिकवायला जेवण टाळणं, आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवणं, हे सगळं साचत जातं. उपासाबद्दल कुणाच्या श्रद्धेला हात लावायचा नाही, पण गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरली तर महिन्यातले सहा-सात दिवस साबुदाण्यावर निघतात, आणि साबुदाण्यात लोह नसल्यातच जमा. उपास करायचाच तर राजगिरा आणि शेंगदाणे जास्त ठेवा. गरोदर असाल तर कृपा करून करू नका. वीसच्या आत पहिलं बाळंतपण, दोन वर्षांच्या आत दुसरं, तिसरं-चौथं मूल, जुळी, आधीच्या बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, तांबी बसवल्यावर वाढलेली पाळी, या सगळ्यांचा धोका वेगवेगळा मोजून उपयोग नाही. एकीच्या अंगावर यातले तीन-चार एकदम असतात, तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

एका कारणाकडे मुंबईत अजून पुरेसं लक्ष जात नाही, ते म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड सकाळी दातांना लावायची. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. बाईला तंबाखू खाता का विचारलं तर ती "नाही हो" म्हणते आणि खरंच तिला तसं वाटतं. मिश्री म्हणजे तिच्या लेखी दंतमंजन. म्हणून मी आता थेट विचारते, "डबी दाखवा." एकदा सहाव्या महिन्याच्या एका बाईने पदराच्या गाठीतून डबी काढली, नेलपॉलिशच्या बाटलीएवढी, झाकणाला रबर लावलेली. दिवसातून पाच वेळा लावत होती. हिमोग्लोबिन ७.८. मुंबईतल्याच गरोदर बायांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तोंडावाटे तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी निघाली. त्याच बायांवरच्या पुढच्या अभ्यासात त्यांचं हिमोग्लोबिनही कमी आढळलं. ओरडून ही सवय सुटत नाही. पोट साफ व्हायला कोमट पाणी, पपई, चालणं सुचवून, एकेक वेळ कमी करत ती सुटते.

मुलांत काय काय असतं ते बरंचसं वर आलंच आहे. त्यात वारंवारचं आजारपण धरा. सार्वजनिक संडास, साठवलेलं पाणी, एका खोलीत सहा माणसं, मग जुलाब, सर्दी, ताप चालूच. अंगात सतत जंतूंशी झगडा सुरू असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आतडं लोह घेणं कमी करतं. म्हणजे ताटात असूनही अंगी लागत नाही. पावसाळ्यातला हिवताप तर रक्तपेशीच फोडतो. जंतांसाठी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये गोळी मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, म्हणजे २०० मिलीग्रॅम. ती चुकवू नका, पण नुसत्या जंताच्या गोळीने रक्त भरेल असंही समजू नका.

जन्माच्या क्षणाची एक गोष्ट आई मागून घेऊ शकते. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं, तर वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या काही महिन्यांचं लोह फुकट मिळतं. आता बऱ्याच ठिकाणी थांबतात. तरी पुढच्या वेळी आधी विचारून ठेवा.

तुमच्या मुलीबद्दल मला आणखी तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. ती भिंत चाटते का, माती, खडू, चुना तोंडात घालते का? हट्टात रडता रडता श्वास धरून निळी पडते का? विनाकारण किरकिरते, रात्री पाय झाडते का? या तिन्हींमागे लोहाची कमतरता असू शकते, आणि औषध सुरू झाल्यावर बऱ्याचदा या सवयी आपोआप जातात. आणि ताई, तुम्हालाही विचारते, गरोदरपणी पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची का? बाया हे लाजून सांगत नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तो आजाराचाच भाग आहे.

प्रत्येक पांढरं मूल लोहाचंच असतं, असंही नाही. हे कोडं याच शहरात एकदा उलगडायला घेतलं होतं. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणगावातल्या गरोदर बायांमध्ये एक वेगळाच पंडुरोग होता, त्यात पेशी लहान न होता मोठ्या होत. त्या बायांचं जेवण काय आहे, हे त्यांनी बारकाईने पाहिलं आणि शेवटी मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन त्या बऱ्या केल्या. १९३१ साली ते प्रसिद्ध झालं. त्या अर्कातलं औषध म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक अॅसिड. आज तुमच्या लाल गोळीत लोहाबरोबर ते असतं, त्याचा उगम परळचा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आजचा तसाच चुकणारा प्रकार बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. आई पूर्ण शाकाहारी, दूधही बेताचं, आणि बाळ वर्षभर केवळ अंगावर. बाळ सुस्त होतं, हसणं-बसणं विसरू लागतं, बोटांच्या पेरांवर काळपट डाग येतात, कधी हात थरथरतात. इथे नुसतं लोह देऊन भागत नाही. दुसरा प्रकार थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकांचा. सिंधी, लोहाणा, कच्छी, पंजाबी कुटुंबांत तो जास्त दिसतो, पण मराठी घरांतही मी पाहिलाय. यात हिमोग्लोबिन थोडं कमी, पेशी अगदी लहान, पण पेशींची संख्या भरपूर असते. सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) भागिले लाल पेशींची संख्या (दशलक्षांत) केली आणि उत्तर १३च्या खाली आलं, तर डॉक्टरांना थॅलेसेमियाबद्दल विचारा. पालघर किंवा विदर्भाकडचं मूळ असेल तर सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी. आई-बाप दोघंही थॅलेसेमियाचे वाहक निघाले तर प्रत्येक मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून ही तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच व्हायला हवी.

तुमच्या मुलीच्या बाबतीत माझा अंदाज लोहाकडेच झुकतो. खात्रीसाठी शिरेतून सीबीसी आणि अंगातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करा, पण ताप-सर्दी असताना फेरिटिन करू नका, ते खोटं वाढलेलं दिसतं. औषधाचा डोस वजनावर ठरतो, साधारण दिवसाला किलोमागे ३ मिलीग्रॅम लोह. बाटलीवर लिहिलेलं लोहाच्या क्षाराचं वजन आणि त्यातलं प्रत्यक्ष लोह हे वेगळे आकडे असतात, म्हणून मात्रा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून आठवड्यातून दोनदा १ मिलीलीटर लोहाचं सिरप मिळतं, ते रक्त टिकवण्यासाठी असतं. ८.२ भरून काढायला ते पुरणार नाही. सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, नंतर दोन घोट पाणी, नाहीतर दात काळे पडतात. हिमोग्लोबिन ११च्या वर गेल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं, कारण तोवर नुसता गल्ला भरलेला असतो, तिजोरी रिकामीच असते.

एक कळकळीची विनंती. तुमच्या लाल गोळ्या दिसायला चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या असतात. घरात पावणेतीन वर्षांचा मुलगा आहे. मूठभर गोळ्या पोटात गेल्या तर लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. फ्रिजवर, देव्हाऱ्यात, उशाखाली ठेवू नका. कुलपात ठेवा.

तुमचं स्वतःचं रक्त या आठवड्यात तपासा. ७च्या खाली असेल किंवा चालताना धाप लागत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. मधल्या पातळीला असेल आणि गोळी सोसतच नसेल, तर शिरेतून लोह देता येतं, त्याबद्दल विचारा. पाळी जास्त जात असेल तर तेही सांगा. मोठ्या मुलाचं रक्तही बघून घ्या, तो गोरा-गोमटा दिसतो म्हणून सोडू नका. आणि चार आठवड्यांनी मायलेकी दोघींचं रक्त एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये तपासा. मुलीचं एका अंकाने वर आलेलं असायला हवं. आलं नसेल तर सिरपची बाटली, तुमच्या सगळ्या गोळ्या आणि दोघींचे जुने कागद घेऊन डॉक्टरांसमोर टेबलावर मांडा.